ॲडलेडचा सवलतीतला डझन आणि नागपूरचा उन्हाळा

आंबेमोहोर | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमची लेक ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असते. यंदा जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे होतो, आत्ता नागपूरला परतलो. तिनं ऑनलाइन सवलतीत घेतलेल्या वाइनच्या बारा बाटल्यांचा खोका आम्ही तिघांनी मिळून दोन-अडीच महिन्यांत चाखला आणि प्रत्येक बाटलीची नोंद मी वहीत केली. एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली आहेत, नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही. इथल्या बऱ्याच जणांची मुलं तिकडं आहेत, आणि "इतकी स्वस्त म्हणजे काहीतरी गडबड असणार" असं परतल्यापासून तीन जणांकडून ऐकलं. म्हणून सविस्तर लिहिते.

खोका ११८ ऑस्ट्रेलियन डॉलरचा. बाटली दहा डॉलरच्या आत पडली, म्हणजे आपले साधारण साडेपाचशे रुपये. काही बाटल्यांसमोर ३५, ४० डॉलर अशी मूळ किंमत खोडून दाखवली होती. त्या खोडलेल्या आकड्याकडे बघायचंच नाही, हे लेकीनं पहिल्या दिवशी शिकवलं. त्या वाइनरीच्या स्वतःच्या साइटवर जायचं आणि तीच बाटली, तेच साल तिथं कितीला आहे ते बघायचं. आमच्या चार बाटल्या तिथं खरोखर पंचवीसच्या आसपास होत्या. तीन बाटल्यांवरच्या नावाची वाइनरीच कुठं सापडेना. ती नावं विक्रेत्यानं आपल्यापुरती तयार केलेली, त्यामुळं त्यांची ती मूळ किंमत कधी कुणी मोजलेलीच नव्हती.

आता स्वस्ताई कशामुळं? हे नीट कळलं की अर्धी भीती जाते. चीन हा ऑस्ट्रेलियन वाइनचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता. २०२० च्या नोव्हेंबरात त्यांनी हंगामी शुल्क बसवलं आणि मार्च २०२१ मध्ये ते कायम केलं, ११६ ते २१८ टक्के. शिराझ, कॅबर्ने या लाल वाइनच्या टाक्याच्या टाक्या पडून राहिल्या. ते शुल्क २९ मार्च २०२४ ला उठलं, पण साठलेला माल काही एका दिवसात संपत नाही. टाकी रिकामी केल्याशिवाय नव्या हंगामाची द्राक्षं घालायची कुठं? अशा वेळी चांगल्या वाइनऱ्यासुद्धा आपलं नाव न लावता माल काढतात. त्याला तिकडं क्लीनस्किन म्हणतात, कोऱ्या लेबलाची बाटली. नाव लावून स्वस्तात विकली तर त्यांची नेहमीची बाटली पुढं कुणी पूर्ण भावात घेणार नाही, म्हणून ही सोय. म्हणजे माल जास्त झाला म्हणून जी स्वस्त आहे ती बिनधास्त घ्यावी.

माल जुना झाला म्हणून जी स्वस्त आहे तिच्यापासून मात्र जपून. आमच्या खोक्यात २०१७ ची एक शार्डने, म्हणजे पांढरी वाइन, होती. ग्लासात ओतली तर रंग काळ्या चहात पाणी घातल्यासारखा. वास घेतला तर सफरचंद कापून तासभर ताटलीत ठेवावं तसा. एक घोट घेऊन मी ती मोरीत ओतली. शार्डने टिकत नाही असं नव्हे, पण साध्या, कोवळ्या असताना प्यायच्या पांढऱ्या वाइनला इतकी वर्षं झेपत नाहीत. लेकीनं विक्रेत्याला फोटो पाठवला, त्यांनी काही न विचारता पैसे परत केले.

लेबलवर काय वाचायचं, तेही सांगते. साल, प्रदेश किंवा द्राक्षाची जात लिहिली असेल तर निदान ८५ टक्के वाइन त्याचीच असावी असा तिथला कायदा आहे. पण प्रदेशाच्या जागी 'साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया' दिसलं तर त्यातून फारसं काही कळत नाही. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया हे अख्खे आणि क्वीन्सलंड, साउथ ऑस्ट्रेलियाचा काही भाग, एवढा मुलूख त्या दोन-तीन शब्दांत मावतो. बरोसा, क्लेअर व्हॅली, कूनावारा असं नेमकं नाव असेल तर ती बाटली निवडावी.

सगळ्यात आनंद दिला तो २०२१ च्या बरोसा शिराझनं, ९ डॉलर ८० सेंट. ग्लास नाकाशी नेला आणि मला थेट मिरपूड आली. नुकती खलबत्त्यात कुटलेली काळी मिरी! यांना मात्र काहीच येईना. ग्लास हलवून, हातानं झाकून, परत परत वास घेतला, तरी नाही. पुढं कळलं की शिराझमधल्या त्या वासाचं संयुग म्हणजे रोटंडोन, ते ॲडलेडच्याच ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेनं २००८ मध्ये शोधून काढलं, आणि काळ्या मिरीतही तेच असतं. साधारण पाचातल्या एका माणसाला ते हुंगताच येत नाही. सदतीस वर्षांच्या संसारात माझ्या रस्श्यातली मिरी यांना कधीच "लागली" नाही, त्याचं कारण ॲडलेडला सापडलं.

परतताना माणशी दोन लिटर आणायला सीमाशुल्काची मुभा आहे. दोघांच्या मिळून आणल्या: त्याच शिराझच्या दोन, क्लेअर व्हॅलीची एक पांढरी रीस्लिंग, कूनावाराची एक कॅबर्ने आणि रदरग्लेनच्या गोड मस्कतची अर्ध्या लिटरची बाटली. मद्याचा परवाना दोघांचाही आहे.

आता प्रश्न असा की नागपूरच्या उन्हाळ्यात ह्या ठेवायच्या कुठं? आमच्याकडे कूलर आहे, एसी एकाच खोलीत, तोही रात्रीपुरता. तुम्ही काय करता?

बर्डीकर | १२ एप्रिल, रात्री ११:०५

काकू, मस्त लिहिलं जी. दोन गोष्टी विचारतो. एक, तिकडच्या साइटवरून मले इथं बर्डीत मागवता येईन का? दुसरं, आमच्या ग्रुपात सारे म्हणतात की फिरकीच्या झाकणाची बाटली हलकी असते, बूचवालीच खरी. तुमच्या बाटल्या कशा होत्या?

आंबेमोहोर | १३ एप्रिल, सकाळी ७:१५

बर्डीकर, पार्सलनं मागवायच्या भानगडीत पडू नका. परदेशी वाइन इथं आयातदारामार्फतच येते, सीमाशुल्क आणि राज्याचं उत्पादन शुल्क भरून. कुणी साइट "भारतात पाठवतो" म्हणाली तरी पैसे अडकतील आणि बाटली गोदामात राहील.

इथं महाग का, तेही बघा. पूर्वी सरसकट १५० टक्के आयात शुल्क होतं. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारावर २ एप्रिल २०२२ ला सह्या झाल्या, २९ डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला. त्यात बाटलीची आयात किंमत निदान ५ अमेरिकी डॉलर असेल तर शुल्क १०० टक्के झालं आणि दहा वर्षांत ५० वर यायचं आहे. १५ अमेरिकी डॉलर किंवा वर असेल तर लगेच ७५, आणि दहा वर्षांत २५. म्हणजे सवलत महागड्या बाटलीला जास्त. आमच्या दहा डॉलरच्या बाटलीत तिथला १० टक्के जीएसटी आणि घाऊक किमतीवरचा २९ टक्के वाइन कर धरलेला असतो. तो वजा केला तर आयात किंमत ५ अमेरिकी डॉलरच्या खालीच राहायची शक्यता, मग सवलत नाहीच. म्हणून तिथं जी स्वस्त आहे तीच इथं स्वस्त मिळेल, असं होत नाही.

झाकणाचं म्हणाल तर माझ्या बाराच्या बारा बाटल्या फिरकीच्या होत्या. क्लेअर व्हॅलीतल्या काही रीस्लिंगवाल्यांनी २००० साली ठरवून, सगळ्यांनी मिळून हे झाकण आणलं. बुचातून कधीकधी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास वाइनमध्ये उतरतो, त्याला ते कंटाळले होते. आज तिथं महागातली महाग रीस्लिंगसुद्धा फिरकीच्या झाकणात असते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बूच वाळून आकसतं, तेव्हा नागपूरला फिरकीच बरी.

यारा_काठ | १३ एप्रिल, दुपारी १:३०

मी मूळची धरमपेठची, आता मेलबर्नला. ताई, अगदी नेमकं लिहिलंत. थोडी भर घालते. मिस्ट्री डझन म्हणून जे विकतात, आत काय आहे ते न सांगता, ते मी दोनदा घेतलं आणि आता घेत नाही. निम्म्या बाटल्या बऱ्या निघतात, उरलेल्या नुसत्या गोड आणि जाड. २०२० सालची बाटली असेल तर प्रदेश बघून घ्या. २०१९-२० च्या वणव्यांचा धूर हंटर, ॲडलेड हिल्ससारख्या भागांत द्राक्षांवर बसला होता. चांगल्या लोकांनी त्या वर्षी काही वाइन काढल्याच नाहीत, पण विझलेल्या चुलीसारखी चव असलेली एक मला सवलतीत मिळाली होती.

आणि खोका उन्हाळ्यात मागवू नका. इथं डिलिव्हरीला अठरा वर्षांवरच्या माणसानं ओळखपत्र दाखवून घ्यावं लागतं. घरी कुणी नसेल तर खोका व्हॅनमध्ये परत जातो आणि चाळीस अंशांत दिवसभर फिरतो. मी आता जूनमध्येच, इथल्या थंडीत, वर्षाचं घेऊन ठेवते.

पाटोडी_रस्सा | १४ एप्रिल, रात्री ८:५०

नागपूरचा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात इथल्या एका दुकानानं व्हॉट्सॲपवर यादी टाकली, त्यात एक ऑस्ट्रेलियन शिराझ बऱ्याच कमी किमतीत. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत घरपोच विक्री सुरू झाली तेव्हापासून मी फोनवरच मागवतो. पोरगा बाटली घेऊन आला तर ती हाताला कोमट. उघडली तर जांभळाच्या मुरंब्याचा वास, आणि चवीत नुसता शिजलेपणा. दुकानात जाऊन बघितलं तर ती सगळी ओळ पश्चिमेच्या काचेत उभी केलेली, दुपारचं ऊन थेट अंगावर. परत घ्यायला ते तयार झाले नाहीत. तेव्हापासून मी काचेतली बाटली घेत नाही. आतल्या खोक्यातली काढून द्या म्हणतो आणि मागचं आयातीचं स्टिकर वाचतो. खोक्यातली बाटली निदान अंधारात तरी राहिलेली असते.

ताई, तुम्ही फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. दारात नको, तिथं सारखी हलते.

सेलूकर | १५ एप्रिल, सकाळी ६:२०

मी वर्धा जिल्ह्यातल्या सेलूचा. हा धागा वाचून अस्वस्थ झालो म्हणून लिहितो आहे, कुणाला दुखवायचं नाही. आमच्या जिल्ह्यात बंदी आहे, तरी आमच्या गल्लीतली दोन घरं दारूपायी बसलेली मी डोळ्यांनी पाहिली. त्यातल्या एका घरची मुलगी माझ्या वर्गात होती, दहावीनंतर तिचं शिक्षण सुटलं. वाइनची वर्णनं वाचताना मला ती आठवते. एक विनंतीही आहे. समृद्धी महामार्गानं मुंबईकडून येणाऱ्यांनी गाडीत बाटल्या ठेवून आमच्या जिल्ह्यातून येऊ नये.

आंबेमोहोर | १५ एप्रिल, सकाळी १०:००

सेलूकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या कॉलेजातही अशी मुलं होती, फीची तारीख उलटून गेली की बाप नव्हे तर आई यायची आणि पदराची गाठ सोडून पैसे मोजायची. तुमचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. आम्ही मुंबईहून विमानानं आलो त्याचं एक कारण वर्धा जिल्हाच होतं.

तिथल्या बाटलीवर एक आकडा छापलेला असतो, तोही इथं सांगायला हवा. एक प्रमाण पेय म्हणजे १० ग्रॅम मद्यार्क, आणि ती बाटली किती प्रमाण पेयांची हे लिहावंच लागतं. आमच्या १४.५ टक्क्यांच्या शिराझवर ८.६ लिहिलं आहे. एकट्यानं संपवायची ती वस्तू नाही, हे त्या आकड्यावरून कळतं. आम्ही एक बाटली तिघांत दोन दिवस पुरवत होतो. नोंद ठेवते त्यातही कुणी किती घेतली हे असतं.

सेलूकर | १५ एप्रिल, दुपारी १२:४०

उत्तराबद्दल आभार ताई. वाचत राहीन.

आंबेमोहोर | ५ मे, सकाळी ११:१०

काल संध्याकाळी आमच्या गच्चीवर सहा जण जमलो. बर्डीकर सावजी मटणाचा डबा घेऊन आले होते (इथं ओळख झाली आणि घर दोन गल्ल्या पलीकडं निघालं), मी वांग्याचं भरीत आणि सांबारवडी (कोथिंबिरीची) केली होती. फ्रिजमधून कॅबर्ने आणि रीस्लिंग काढल्या.

मी मनात धरलं होतं की तिखट, मसालेदार मटण आणि दणकट लाल वाइन ही जोडी जमेल. साफ चुकले. मटणाच्या तर्रीनंतर कॅबर्नेचा घोट घेतला आणि जिभेवर आग भडकली. मिरचीतलं कॅप्सायसिन आपल्या तोंडातल्या, उष्णता ओळखणाऱ्या ज्या संवेदकाला चेतवतं त्यालाच मद्यार्कही चेतवतो. वरून कॅबर्नेचा तुरटपणा. खसखस-खोबऱ्याचा तो सुंदर मसाला कळेनासाच झाला. तीच कॅबर्ने नुसत्या भरताबरोबर घेतली तेव्हा खुलली. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि कूनावाराच्या लाल मातीतल्या कॅबर्नेला येणारा पुदिना-निलगिरीचा वास, हे दोन्ही एकमेकांना चांगले लागले.

रीस्लिंगचा पहिला वास घेऊन शेजारच्या वहिनींनी ग्लास खाली ठेवला. "घासलेट पडलंय का हो यात?" त्यांचं नाक बरोबर होतं. रीस्लिंग मुरत गेली की तो वास येतो, टीडीएन नावाचं संयुग असतं, आणि ऊन जास्त मिळालेल्या द्राक्षांत ते जास्त. दोन मिनिटांनी त्याखालून कागदी लिंबाच्या सालीचा वास वर आला. थंडगार, आंबट, १२ टक्क्यांची ती वाइन तर्रीनंतर घेतली की तोंड धुतल्यासारखं होत होतं. सांबारवडीबरोबर तर सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागितली आणि बाटली संपली.

शेवटी मस्कत. मनुका, काकवी आणि खारकेचा पाक एकत्र आटवला तर जे होईल ते. अंगठ्याएवढी ओतली प्रत्येकाला, सोबत संत्रा बर्फी. बर्फीतला सालीचा किंचित कडवटपणा त्या गोडीला तोलून धरत होता. ह्या एका जोडीसाठी मी मस्कत परत आणवीन.

बर्डीकर | ५ मे, दुपारी ४:०५

काकू, ते भरीत आणि कॅबर्ने लय भारी लागलं. माझ्या बायकोले मस्कत-बर्फी सोडवत नव्हती. आता शिराझच्या दोन बाटल्यांचं काय करता?

आंबेमोहोर | ५ मे, रात्री ९:३०

त्यांचा प्रयोग लावला आहे, एप्रिलातच. दोन्ही बाटल्या एकाच वाइनरीच्या, एकाच सालच्या, एकाच खोक्यातल्या. एक फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, आडवी. दुसरी गोदरेजच्या कपाटात खालच्या फळीवर, साड्यांमागं, अंधारात. शेजारी प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर. आज दुपारी तीनला ३८, पहाटे पाचला ३१. जुलैत उघडेन.

पाटोडी_रस्सा | ६ मे, सकाळी ९:००

वाट बघतोय. कपाटातली उघडताना मलाही बोलवा, माझ्या त्या बाटलीची चव अजून लक्षात आहे.

आंबेमोहोर | २० जुलै, दुपारी १२:१५

काल उघडल्या. कपाटातली आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे दोन्ही सारख्याच गार. यांनी स्वयंपाकघरात ओतून ग्लासांना अ आणि ब अशा चिठ्ठ्या लावल्या, कुठली कुठली ते आम्हा पाच जणांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरला. अ ची कड जांभळट, ब ची कड विटकरीकडं झुकलेली.

अ मध्ये मिरी, जांभूळ, थोडी बडीशेप. ॲडलेडला वहीत लिहिलं होतं तसंच, शब्दाला शब्द. ब मध्ये मिरी मला दोनदा हुंगूनही नीट सापडली नाही. मनुका, गुळाचा पाक, शेवटी जिभेवर जरा कोरडेपणा. पाटोडी_रस्सा यांनी ब नाकाशी नेला आणि लगेच म्हणाले, "हीच ती." पाचापैकी चौघांनी कपाटातली बरोबर ओळखली. बर्डीकरांच्या सौभाग्यवतींनी मात्र ब जास्त आवडल्याचं सांगितलं. तुरटपणा कमी लागला म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मी ते तसंच लिहून ठेवलं.

नऊ डॉलर ऐंशी सेंटची चांगली शिराझ होती. सवलतीनं तिचं काही बिघडलं नव्हतं. कपाटातल्या चौदा आठवड्यांनी बिघडवलं.

यारा_काठ | २० जुलै, दुपारी २:५०

ताई, हे वाचून माझ्या गॅरेजमधला खोका आत्ता घरात आणला.

बर्डीकर | २० जुलै, संध्याकाळी ६:३०

काकू, पुढची खेप कधी?

आंबेमोहोर | २० जुलै, रात्री ९:१०

लेक दिवाळीत येते आहे. तिला सांगितलंय, यंदा शिराझ नको, रीस्लिंग दोन आण आणि मस्कत एक. फ्रिजचा भाजीचा कप्पा रिकामा ठेवणार आहे. थर्मामीटर अजून कपाटातच आहे, आज दुपारी २९.